घरटी एक माणूस

मी ज्या कामात होतो, त्या कामाचा पहिला नियम असा की माणसाचं नाव कुठंही लिहायचं नाही. नंबर लिहायचा. त्या कामातले बाकीचे बरेच नियम मी मोडले, तेव्हा निदान हा एक इथं पाळतो.

काम म्हणजे औषधाची ट्रायल. जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात ब्लडप्रेशरच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती आणि मी तिथं कोऑर्डिनेटर होतो. हा शब्द आमच्या टेंभुर्णीत पोचेपर्यंत वाटेत बराच फुगला. आईनं शेजारणीला सांगितलं, पोरगं डॉक्टरच्या हाताखाली आहे. शेजारणीनं पुढं सांगितलं, डॉक्टर झालाय. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. उलट गावी जाताना शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून जायला लागलो.

खरं काम असं होतं. तीर्थपुरीच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या वस्तीतल्या प्रेशरच्या लोकांना महिन्यातून एकदा विहारापाशी जमवायचं. विहाराला लागून एक पत्र्याचा हॉल आहे, त्यात टेबल मांडायचं. निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. कुणाला कुठली, हे त्यांनाही माहीत नाही, आम्हालाही नाही, डॉक्टरांनाही नाही. सिस्टरनं वजन घ्यायचं, प्रेशर बघायचं, आकडा मला सांगायचा. मी तो फॉर्मवरच्या चौकोनात लिहायचा. माणूस आला नाही तर चौकोन रिकामा ठेवायचा आणि बाजूला कारण लिहायचं. बारा महिने हेच. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

सुरुवातीला आमचं शिक्षण झालं, तेही कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पुण्याचे एक सर होते, ट्रायलचा सगळा हिशेब शेवटी त्यांच्याकडं जायचा. दोन तास ते रिकाम्या चौकोनांवरच बोलत होते. जो येत नाही तो का येत नाही, यातच औषधाचं निम्मं उत्तर असतं, असं काहीतरी. एखाद्याला गोळीनं चक्कर येते, म्हणून तो यायचं बंद करतो. आपण जे आले तेवढेच मोजले, तर गोळी झकास दिसते. आणि जो आला नाही त्याच्या जागी अंदाजानं आकडा भरला, तर त्याहून वाईट. असं सगळं ते शांतपणे सांगत होते आणि मी कॅमेरा बंद करून पोहे खात होतो. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी तोंडातला घास गिळून म्हणालो, "सर, एकदम क्लिअर."

क्लिअर काही नव्हतं. रिकामी जागा मला लहानपणापासून सहन होत नाही. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. पेपर कोरा सोडला तर ते मारायचे, चुकीचं लिहिलं तर फक्त हसायचे. येत नसलं तरी काहीतरी लिही, अर्धा मार्क कुठं गेला नाही, हे त्यांचं म्हणणं. या एका तत्त्वावर मी बीएस्सी झालो. रसायनशास्त्राच्या पेपरात मी कवितेच्या ओळीसुद्धा लिहून आलेलो आहे. तर अशा माणसाच्या हातात चौकोनांचे फॉर्म दिले होते.

पहिले दोन महिने बरे गेले. तिसऱ्याला गळती लागली. कुणी कापूस वेचायला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. टेबलापाशी माणसं कमी आणि कुत्री जास्त. जालन्याला आलो की ट्रायलच्या प्रमुख डॉक्टर मॅडम फॉर्म चाळायच्या, रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवायच्या आणि पान उलटायच्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी माझी अक्कल चालवली.

आमच्या वस्त्यांमधून एक रीत आहे. मीही बौद्ध वस्तीतच वाढलो, त्यामुळं ती माझ्या अंगात मुरलेली. कुणाची माती असो, विहाराची रंगरंगोटी असो, जयंतीची बैठक असो, भोंग्यावरून एकच पुकार होते: घरटी एक माणूस. मग बाप कामावर असला तर लेक येतो, लेक नसला तर सून येते. घराचं तोंड दिसलं म्हणजे झालं. त्या पुकारेला घर बसून राहिलं, असं मी पाहिलेलं नाही.

कॅम्पच्या आदल्या संध्याकाळी मी विहाराचा भोंगा हातात घेतला. सगळ्यांना जयभीम घातला आणि म्हणालो, उद्या प्रेशरची तपासणी आहे, ज्या ज्या घरात कार्ड आहे त्या त्या घरातून घरटी एक माणूस आलंच पाहिजे. आवाज चांगला लागला होता. मी तेच तीनदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टेबलापुढं रांग. दिवाळी नुकतीच झाली होती, निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून गेलेली, तरी एकही चौकोन रिकामा राहिला नाही. मला वाटलं, आपल्या लोकांची नाडी आपल्यालाच कळते, पुण्याच्या सरांना काय कळणार. मॅडम फॉर्म बघून हसल्या. त्या हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये स्वतःलाच एक मिसळ खाऊ घातली.

आता तुम्ही म्हणाल, माणसं बदललेली दिसली नाहीत का. तर नाही दिसली. कारण मी चेहरे बघतच नव्हतो, कार्ड बघत होतो. पहिल्या महिन्यांतली सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि नवीन सिस्टरनं आधीचं कुणी पाहिलेलंच नव्हतं. बाया डोक्यावर पदर घेऊन खाली बघत बसतात, हात पुढं करतात, सिस्टर पट्टा गुंडाळते. मला तेवढा हातच दिसायचा.

एक इशारा मात्र मिळाला होता, तोही मी हुशारीनं घालवला. सदतीस नंबरच्या बाईचं वजन आधी चव्वेचाळीस किलो होतं, ते एका महिन्यात एकसष्ट झालं. सिस्टर म्हणाली, सर, बघा बरं. मी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. मग स्वतः उभा राहिलो. त्यात माझंही वजन मला वाटत होतं त्यापेक्षा सहा किलोनं जास्त भरलं. तेव्हा काटाच बिघडलाय हे मला मनापासून पटलं. वजनाच्या चौकोनात मी जुनं चव्वेचाळीस लिहिलं आणि जालन्याला आल्यावर काटा दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीवाला म्हणाला, काटा बराबर आहे, तुम्हीच जाड झालात. मी त्याला उद्धट म्हणालो आणि विषय संपवला.

सदतीस नंबरचं प्रेशर त्या महिन्यात एकशे अडुसष्ट निघालं. आधी एकशे चाळीसच्या खाली आलं होतं, गोळी चांगली लागू पडत होती. पुढच्या महिन्यात एकशे सत्तर. ट्रायलचा नियम असा होता की लागोपाठ दोन वेळा प्रेशर इतकं चढलेलं दिसलं तर एकाच्या दोन गोळ्या करायच्या. मॅडमनी आकडे पाहिले, नियम पाहिला, सही केली. दोन गोळ्यांच्या पुड्या मीच बांधल्या. त्यावर मार्करनं सकाळी दोन असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण अक्षर माझं छान आहे.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी कॅम्प होता. सदतीस नंबरचा पुकारा केला, बाई येऊन बसली, प्रेशर एकशे बहात्तर. पुड्या देता देता मी आपलं गमतीनं म्हणालो, ताई, मीठ कमी खा, नाहीतर पुढच्या वेळी तीन गोळ्या होतील. ती म्हणाली, तसं तिला सांगते.

"कुणाला?"

"धाकलीला. तिचंच कार्ड हाय ना हे. ती दिवाळी झाली की गेल्ती टोळीवर, नवऱ्यासंगं. मंग मी येऊन राह्यले. तुम्हीच भोंग्यावर सांगितलं ना, घरटी एक."

मी हसलो. हे मला सांगायलाच हवं. मी मोठ्यानं, मनापासून हसलो, कारण विनोद खरोखर चांगला होता आणि तो माझ्यावर होता. ती पण हसली. कार्ड धाकट्या जावेचं, दंड थोरल्या जावेचा. मग माझं लक्ष माझ्याच हातातल्या पुडीवर गेलं आणि हसू तोंडातच राहिलं. मी विचारलं, गोळ्या कोण खातं? ती म्हणाली, तीच खाते की, तिच्या गोळ्या मी कशाला खाईन. मुकादमाच्या गाडीत देते पाठवून. दोन-दोन खायच्या असं बजावून सांगितलंय मी, तुम्ही काळजी करू नका.

म्हणजे असं झालं होतं. जिचं प्रेशर दिवाळीनंतर कुणी मोजलंच नव्हतं, ती बाई थोरलीच्या आकड्यावर महिनाभर दुप्पट गोळी खात होती. तीही उन्हात, ऊस तोडत.

त्या वेळी काय करायचं, हे लहान मुलालाही कळेल. मॅडमना फोन लावायचा. फोन खिशात होता, रेंज होती. मी तो काढला, मॅडमचा नंबर पडद्यावर आणला आणि परत खिशात ठेवला. कारण सोमवारी मॉनिटर येणार होती. मॉनिटर म्हणजे औषध कंपनीतर्फे फॉर्म तपासायला येणारी बाई. तीन महिने एकही चौकोन रिकामा नाही, म्हणून ती खास आमचं सेंटर बघायला येत होती. मी ठरवलं, रविवारी आपणच टोळीवर जायचं, प्रेशर मोजायचं, गोळी एकवर आणायची. कुणाला कळायच्या आत सगळं बराबर करायचं. धाकलीच्या नवऱ्याला फोन लावून पाहिला, तो बंद. थोरलीला म्हणालो, तिला निरोप द्या, तोवर एकच खा म्हणावं. ती म्हणाली, देते, पण गाडी आता बुधवारी जाईल.

रविवारी मोटरसायकलवर निघालो. टोळी अंकुशनगरच्या बाजूला, एवढंच माहीत. प्रेशरचं मशीन पाठीवरच्या पिशवीत. मी त्या दिवशी किती उसाचे फड पाहिले, याचा हिशेब नाही. प्रत्येक फडात टोळी होती आणि प्रत्येक टोळी मला पुढच्या फडात पाठवत होती. एका ठिकाणी लोकांना वाटलं मी साखर कारखान्याचा माणूस आहे, त्यांनी मला रस पाजला. दुसऱ्या ठिकाणी वाटलं मी विम्याचा आहे, त्यांनी हाकललं. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्यानं पिशवीत काय आहे विचारलं, मी मशीन दाखवलं, तर त्यानं बाही वर केली आणि मागं आठ माणसं बसली. आठही जणांची प्रेशरं मी मोजली. मला काम केल्यासारखं वाटलं. दुपार कलल्यावर खरी जागा सापडली. तिथं फक्त चुलीचे तीन दगड आणि उसाचं पाचट. शेजारचा शेतकरी म्हणाला, टोळी परवाच उठली, कुठं गेली ते मुकादमाला माहीत. मुकादमाचा नंबर त्याच्याकडं नव्हता. मी अजून दोन फड बघू शकत होतो. ऊन उतरायला वेळ होता. पण कंबर दुखत होती आणि सोमवारचा शर्ट इस्त्रीला द्यायचा होता.

सोमवारी मॉनिटर आली. तिनं सगळे फॉर्म पाहिले आणि मॅडमना म्हणाली, ग्रामीण भागात इतकी पूर्ण माहिती मी कुठं पाहिली नाही. मॅडमनी माझ्याकडं बोट दाखवलं. पेढे आले. मी दोन खाल्ले. बोलायचं होतं ते उद्यावर गेलं.

मंगळवारी दुपारी थोरलीचा फोन आला. धाकली उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रॉलीवर चढत होती. वरच्या पायरीवर तिला चक्कर आली आणि ती मोळीसकट खाली पडली. कार्डावर आमच्या दवाखान्याचा पत्ता होता. तो थोरलीनंच धाकलीच्या नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला होता. गाडी जालन्याच्या वाटेवर होती.

ती आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिला मीच ट्रायलमध्ये घेतलं होतं, समोर बसवून सगळं वाचून दाखवून अंगठा घेतला होता. चेहरा पाहिल्यावर पटकन ओळखली. थोरलीसारखी बिलकुल दिसत नव्हती. अंगावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, त्याला पाचटाची कुसळं, ओठ कोरडे. खुब्याचं हाड मोडलं होतं. प्रेशर ऐंशी.

सर्जन आला. त्यानं मॅडमना विचारलं, हिचं नेहमीचं प्रेशर किती? मॅडमनी फाइल उघडली. फाइल अगदी टापटीप होती. त्या म्हणाल्या, शुक्रवारीच मोजलंय, एकशे बहात्तर. सर्जन म्हणाला, चार दिवसांत एकशे बहात्तरचं ऐंशी, म्हणजे पोटात कुठंतरी रक्त जातंय. सोनोग्राफीचे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी. वाट बघायची, का पोट उघडायचं, यावर दोघं बोलू लागले. नवरा कोपऱ्यात उभा होता, हातात तिच्या चपला.

माझ्या अक्षरातला तो एकशे बहात्तर मला तिथून दिसत होता. मी वॉर्डच्या दारातल्या पाण्याच्या फिल्टरपाशी गेलो. एक ग्लास पाणी प्यालो. मग दुसरा. तिसरा. आत कुणीतरी ऑपरेशन थिएटर रिकामं आहे का विचारायला निघालं, तेव्हा मी ग्लास ठेवला आणि आत जाऊन म्हणालो, "मॅडम, तो आकडा हिचा नाही."

सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सर्जननं पोटावर पुन्हा हात फिरवला, पोट मऊ होतं. सलाइन वाढवलं, गोळ्या बंद केल्या, थिएटरचं राहिलं. मॅडमनी फाइल मिटली. त्यांनी एकच विचारलं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"शुक्रवारपासून."

"आज मंगळवार आहे," त्या म्हणाल्या आणि पेशंटकडं वळल्या.

संध्याकाळपर्यंत प्रेशर चढलं. शंभराच्या वर गेलं तेव्हा मी नवऱ्यासाठी चहा आणला आणि आता बरं होईल म्हणून सांगितलं. हेसुद्धा मी भरलेला चौकोनच होता. रात्रीतून तिची लघवी बंद झाली. किडन्यांनी काम सोडलं. बुधवारी तिला संभाजीनगरला हलवलं, मशीनवर घातलं. रविवारी ती गेली. तिचं वय सेहेचाळीस होतं. निदान फॉर्मवर तेवढं होतं, आणि तो चौकोन तिनं स्वतः सांगून भरलेला होता.

मग चौकशी बसली. ट्रायलमध्ये माणूस गेला की गोळीनं गेला का, हे ठरवावं लागतं. नवीन गोळी की जुनी, ते पाकीट फोडलं. नवीन निघाली. पुण्याचे सर या वेळी स्वतः आले. पडद्यावर मला ते म्हातारे वाटले होते, प्रत्यक्षात माझ्याहून लहान. त्यांनी विचारलं, दिवाळीनंतर तिचं प्रेशर कधी कमी व्हायला लागलं? मी म्हणालो, माहीत नाही. दोन गोळ्या झाल्यावर चक्कर लगेच सुरू झाली का? माहीत नाही. लघवी, पायाला सूज, काही? माहीत नाही. ते म्हणाले, उन्हामुळं, पडल्यामुळं, गोळीमुळं की तिन्हीमुळं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. चौकोन रिकामे असते तर मी निदान विचारलं असतं, ही बाई कुठं गेली. तुम्ही मला विचारूच दिलं नाही.



मला लगेच काढलं नाही. आधी मी घातलेला घोळ मलाच निस्तरायला लावला. दुसऱ्याच्या दंडावरचे सगळे आकडे शोधायचे, त्यावर एक रेघ मारायची, खाली सही करायची, आणि घरोघर जाऊन खरं कारण विचारून ते लिहायचं. मी वस्तीत उंबऱ्या-उंबऱ्याला बसलो. सदतीस धरून सात घरं निघाली. एका ठिकाणी बायकोच्या जागी नवरा आला होता, एका ठिकाणी बापाच्या जागी लेक. मला वाटलं होतं, सगळे ऊसतोडीला गेले असतील. तसं नव्हतं. चौघं घरातच होती. नव्या गोळीनं की जुन्या, कुणास ठाऊक, पण त्यांना उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, म्हणून त्यांनी गोळ्या गुपचूप बंद केल्या होत्या. मग मला का नाही सांगितलं, असं मी एका म्हाताऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "तुम्ही इतक्या लांबून येऊन राह्यले. गोळी सोडली म्हनून सांगितलं असतं तर तुमचं मन दुखलं असतं. म्हनून पोराला धाडलं."

मी त्याचं कारण लिहून घेतलं. फॉर्मवर त्यासाठी एक इंचाची जागा होती.

धाकलीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला मी गेलो नाही. धीर झाला नाही. आठवड्यानं गेलो, तो फॉर्म घेऊन. थोरली ओट्यावर तूर निवडत होती. नवरा टोळीवर परत गेला होता. मी बसलो. तिनं जयभीम केला, पाणी दिलं आणि पुन्हा सुपाकडं वळली. मी कागद काढत होतो, तेवढ्यात तिनं विचारलं. तिनं ते पुष्कळ दिवस आत धरून ठेवलं असावं, कारण आवाज एकदम सपाट होता.

"माझ्या दंडाच्या आकड्यानं ती गेली, असं लोक बोलून राह्यले. खरंय का भाऊ?"

उत्तर तयार करून आलो होतो. बरं वाटेल असं, गोल, सगळीकडून बंद. ते तोंडापर्यंत आलंही.

"न्हाई," मी म्हणालो. "तुम्ही मी बोलावलं म्हणून आलात. घरटी एक माणूस असं मी म्हणालो, म्हणायला नको होतं. वजनात फरक पडला तेव्हा मी चेहरा बघायला पाहिजे होता. शुक्रवारी तुम्ही मला सांगितलं, मंगळवारपर्यंत मी कुणाला सांगितलं न्हाई. त्यात तुमचं काहीच न्हाई."

"अन् गोळीनं गेली का?"

"ते माहीत न्हाई. आता कळणार पण न्हाई. कळायला जे लागतं, ते मीच बुजवून टाकलं."

तिनं मान हलवली. समजलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मग मी ज्यासाठी खरं आलो होतो ते बोललो. तीन महिने लागोपाठ एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर, एकशे बहात्तर. हे आकडे खोटे नव्हते. फक्त दुसरीच्या नावावर पडले होते. ते तिचे होते. इतके दिवस आमच्या टेबलापाशी येऊन बसणारी, सगळ्यांत जास्त प्रेशरची बाई हीच होती आणि तिला एकही गोळी कुणी दिली नव्हती. मी म्हणालो, ताई, हे वाईट आहे. घनसावंगीच्या सरकारी दवाखान्यात चला, मी घेऊन जातो. ट्रायल नाही, काही नाही. साधी, जुनी गोळी.

तिनं सूप बाजूला ठेवलं. लुगड्याचा पदर ओढून दंड झाकला.

"गोळी नको," ती म्हणाली. "ह्या घरातली एक गोळी खाऊन गेली ना."

मी समजावलं. मॅडमनी फोनवरून समजावलं. गावातल्या आशा सेविकेनं समजावलं. पुढं माझी नोकरी सुटली. आता मी जालन्यात एका मेडिकलवर बसतो, तिथं चौकोन नाहीत. महिन्यातून एकदा तीर्थपुरीकडं बस धरून जातो, मशीन पिशवीत असतं. ती मला ओट्यावर बसवते, चहा करते, टोळीवरच्या दिराची हकीगत सांगते. मध्येच तिचं डोकं दुखतं, मग ती कपाळाला हात लावते आणि मी विचारतो, बघू का एकदा. ती म्हणते, चहा घ्या, थंड होऊन राह्यला.